बुर्गीच्या दारावरची डहाळी

सायकलवाल्यांवर माझा पहिल्यापासून राग. डॅन्यूबच्या काठाने ती सायकलवाट झाली आणि दर उन्हाळ्यात आमच्या गावातून त्यांची रांग लागायला लागली. घट्ट चड्ड्या, लाल नाकं, हँडलला बांधलेला नकाशा. पाणी मागतात, संडास कुठे विचारतात, आणि घंटी अशी वाजवतात, जणू रस्ता यांच्या सासऱ्याने बांधलाय. माझी शेजारीण बुर्गी मात्र त्यांच्यावर जीव टाकायची. "बिचारे पार जर्मनीतल्या पासाउपासून पॅडल मारत आलेत गं तिली," म्हणायची. मी म्हणायचे, "कोणी सांगितलं होतं?"

बुर्गीचा नवरा अलोइस द्राक्षमळ्याच्या उतारावर ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा ती चाळिशीत होती. मूलबाळ नाही. लोकांना वाटलं, मळा विकून बहिणीकडे जाईल. ती कुठली जाते! अलोइसची टोपी डोक्यावर चढवली आणि दुसऱ्याच आठवड्यात वेली छाटायला उभी राहिली. उतारावरच्या दगडी पायऱ्या ढासळल्या की स्वतः रचायची. कंबर वाकली नाही, पण बोलणं आटलं. पूर्वी ती हसायला लागली की माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. ते बंद झालं, आणि मला फार चुकल्यासारखं व्हायचं.

आमच्याकडची रीत सांगायला हवी, कारण सगळं त्या रीतीमुळेच घडलं. गावात घरटी मळा आणि घरटी वाइन. ती आपापल्या अंगणात बाक टाकून, सोबत ब्रेड आणि खारवलेलं मांस देऊन विकायची. पण सगळ्यांनी एकदम दुकान मांडलं तर कुणाचंच भागायचं नाही, म्हणून पंधरवडे वाटून घेतलेले. ज्याचा पंधरवडा, त्याच्या दारावर लांब काठीला पाइनची हिरवी डहाळी. डहाळी दिसली तर आत या, नसली तर पुढे चला. पंधरवडा संपला की डहाळी खाली. शेजाऱ्याचा पंधरवडा लागल्यावर आपली डहाळी तशीच ठेवणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. एवढ्यावरून आमच्या गावात दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

सप्टेंबरचा शेवटचा पंधरवडा बुर्गीचा, त्यानंतरचा आमचा. बुर्गीच्या अशाच एका पंधरवड्यात, शेवटच्या रविवारी, पावसात भिजलेला एक उंच हाडकुळा माणूस डहाळी बघून तिच्या अंगणात शिरला. सायकलला पिवळ्या पिशव्या. नाव सीब्रेन. हॉलंडच्या उत्तरेकडचा. तिथे कालव्यावरचा उचलता पूल सांभाळायचा. बोट आली की पूल वर, बोट गेली की पूल खाली. तांबडा दिवा, हिरवा दिवा. निवृत्त झाला, बायको गेली, घरात करमेना, म्हणून सायकल घेऊन निघालेला. त्याने दोन ताटं जेवण केलं, आणि कुणी न सांगता बुर्गीचं कुरकुरणारं फाटक दुरुस्त केलं.

पुढच्या वर्षी त्याच रविवारी पुन्हा हजर. म्हणे, फाटक नीट चाललंय ना ते बघायला आलो. एवढ्या लांबून फाटक बघायला! मी पोल्डीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हटलं, "हे फाटक आता दरवर्षी बिघडणार."

आणि तसंच झालं. दरवर्षी तो रविवारी यायचा, वरच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपायचा (वरच्याच, दिवा कुठे लागतो ते माझ्या खिडकीतून दिसतं), आणि सोमवारी, पंधरवडा संपून बुर्गी मोकळी झाली की दोघं सायकलने नदीकाठाने खाली निघायची. क्रेम्सवरून पुढे थेट टुल्नपर्यंत. तिथे नदीकाठच्या खाणावळीत आलुबुखार भरलेले पिठाचे गरम गोळे खायचे, मग बुर्गी सायकल ट्रेनमध्ये चढवून घरी, आणि तो पुढे व्हिएन्नाला. वर्षातून तो एक दिवस. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांना 'तुम्ही'च म्हणायची. गावाला चेष्टेला तेवढं पुरे. "काय बुर्गी, 'तुम्ही' कधी येणार?" असं बेकरीवालासुद्धा विचारायचा. ती तोंडावर हात ठेवून हसायची. मला ते हसू पुन्हा ऐकू यायला लागलं होतं, म्हणून त्या एका सायकलवाल्याला मी माफ केलं.

आता त्या सोमवारचं सांगते. तेव्हा खिशात फोन नव्हते, हे लक्षात ठेवा. वरच्या भागात दोन दिवस पाऊस होता आणि रविवारी सीब्रेन आला नव्हता. सोमवार म्हणजे आमच्या पंधरवड्याचा पहिला दिवस. मी सकाळपासून मांसाचे काप करत होते. खिडकीतून पिवळ्या पिशव्या दिसल्या. मी हात केला, त्यानेही केला. बुर्गीच्या फाटकापाशी सायकल हळू झाली, एक पाय जमिनीला टेकला, त्याने मान वर करून बघितलं, आणि पुन्हा पॅडल मारून निघून गेला. मला वाटलं, नदीवर तोंड धुवायला गेला असेल.

बऱ्याच वेळाने बुर्गी माझ्या दारात. ओले केस, खांद्यावर टॉवेल, अंगावर ठेवणीतला निळा झगा.

"तिली, माझी डहाळी कुणी काढली?"

"काढली म्हणजे? तुझा पंधरवडा काल संपला ना?"

"मी मुद्दाम ठेवली होती. केस धुवायला आत गेले, बाहेर आले तर नाही. फाटकामागे नीट उभी करून ठेवलीय."

मला सकाळी पोल्डी शिडी घेऊन जाताना दिसला होता. आमची डहाळी लावायला गेला असेल, असं समजून मी लक्ष दिलं नव्हतं. "पोल्डीच असणार," मी म्हटलं. "त्याला वाटलं असेल, तू विसरलीस. एवढं काय झालं? तो तुझा हॉलंडवाला मघाशीच गेला इथून. येईल परत."

ती माझ्या बाकावर बसली. तिचा चेहरा असा झाला की मी सुरी खाली ठेवली.

"तो नाही येणार," ती म्हणाली. मग उठली, घरात गेली, आणि सायकल घेऊनच बाहेर आली. कॅरिअरला सीब्रेनचा रेनकोट बांधलेला. गेल्या वर्षी तो विसरून गेला होता, आणि वर्षभर तो तिच्या दारामागच्या खुंटीवर, अलोइसच्या कोटाशेजारी टांगलेला होता.

मी तिला एकटीला सोडणार नव्हते. पोल्डी तळघरात पिंपांशी बोलत बसला होता. वरूनच ओरडून सांगितलं, "मी बुर्गीबरोबर चाललेय, पाहुण्यांचं तू बघ." खालून काय उत्तर आलं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्याचीच सायकल काढली. तिची सीट म्हणजे कुऱ्हाडीची धार.

वाटेत बुर्गीने सगळं सांगितलं. पुढे बघत, पॅडल मारत, तुटक तुटक. गेल्या वर्षी टुल्नच्या त्या खाणावळीत सीब्रेनने विचारलं होतं: मी पूल सोडला, आता घर विकून तुमच्याकडेच आलो तर चालेल का? लगेच तोच म्हणाला, आत्ता सांगू नका, वर्षभर विचार करा. तोंडाने 'नाही' म्हणणं तुम्हाला जड जाईल, आणि मला ते ऐकणं. पुढच्या वर्षी मी येईन. 'हो' असेल तर दारावर डहाळी राहू द्या, मी उतरेन आणि कायमचा उतरेन. 'नाही' असेल तर डहाळी नसेल, मी पुढे निघून जाईन, आणि कुणालाच लाजायला नको.

"पूलवाला माणूस," बुर्गी म्हणाली. "दिवा तांबडा दिसला की थांबतो. का तांबडा आहे, ते विचारत नाही."

"आणि तू? हो म्हणणार होतीस?"

"केस कशाला धुतले असते मग?" ती म्हणाली, आणि पॅडल जोरात मारलं.

मला इतका राग आला की काय सांगू. पोल्डीचा, त्या पूलवाल्याचा, आमच्या गावाच्या त्या पंधरवड्यांचा. "घरी गेल्यावर त्या म्हाताऱ्याला शिडीसकट उभा चिरते," मी म्हटलं.

"त्याला एक शब्दही बोलायचा नाही. तो माझं भलं करायला गेला होता. माझा बोभाटा होऊ नये म्हणून तो शिडीवर चढला. त्या गुडघ्याने."

व्हाइसेनकिर्खेनच्या धक्क्यावर नावाडी झावेर तरीला टेकून सिगारेट ओढत होता. "काय गं बायांनो, शर्यत आहे का?" तो म्हणाला. "बुर्गी, तुझा लांबटांग्या गेला की पुढे, एकटाच. भांडलात काय?" बुर्गीने विचारलं, "पलीकडे तर नाही ना गेला?" "छे, याच काठाने. शिट्टी वाजवत होता." शिट्टीचं ऐकून मला बरं वाटलं नाही.

ड्युर्नस्टाइनच्या नळाशी दोघं दरवर्षी बाटल्या भरायची. तिथे तो नव्हता. क्रेम्सच्या पुलापाशी दोघं दरवर्षी बाकावर बसून सफरचंद खायची. तिथेही नव्हता, बाकाखाली सफरचंदाची ताजी साल पडलेली होती, ती बुर्गीने वाकून बघितली आणि पुन्हा सायकलवर बसली. माझे पाय तोवर माझे राहिले नव्हते. मी म्हटलं, "ट्रेनने जाऊ. आपण आधी पोचू टुल्नला."

"आणि तो मध्येच कुठे बसला असेल तर? तू जा ट्रेनने. मी वाट सोडणार नाही."

मग काय, मीही नाही सोडली. क्रेम्सच्या पुढे डोंगर संपतात आणि नुसता बांध लागतो. सरळ, सपाट, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पॉपलरची झाडं, आणि वारा सगळा तोंडावर. मध्येच माझं मागचं चाक बसलं. बुर्गीने गुडघे टेकून, निळ्या झग्याला काळं लावून घेत, पंक्चर काढलं. ते काढायला सीब्रेननेच शिकवलं होतं. तिचे केस वाऱ्याने वाळले होते आणि चहूकडे उडत होते, आणि एकसष्ट वर्षांची ती बाई मला त्या क्षणी फार सुंदर दिसली. मी देवाला म्हटलं, एवढं एक कर. हिला तो गाठून दे.

देवाने तेवढं केलं.

टुल्नला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. खाणावळीच्या बागेत, चेस्टनटच्या झाडाखाली, नेहमीच्या टेबलापाशी तो बसलेला. मी वाटभर मनात चित्र काढलं होतं: डोकं धरून बसलेला, समोरचं ताट गार झालेलं. तसलं काही नव्हतं. ताटातला शेवटचा गोळा तो चमच्याने चिरत होता. मिशीला साखर लागली होती. आम्हाला बघितल्यावर चमचा तसाच हातात, आणि मग चेहऱ्यावर असं हसू की मला वाटलं, झालं, सगळं सावरलं.

"तुम्ही आलात," तो उठून म्हणाला. "मला वाटलं होतं, आता तोंडही बघणार नाही. बसा. तिलीबाई, बसा. रागावला नाहीत ना?"

"रागावू कशाला?" बुर्गी बसली. दम लागलेला. कॅरिअरवरचा रेनकोट तिच्या मांडीवर. तिने तोंड उघडलं, पण तो आधी बोलला. त्याच्या त्या शाळेत शिकलेल्या, मोजूनमापून बोलायच्या जर्मनमध्ये.

"मला तुमचे आभार मानायचेत. मनापासून. घरून निघाल्यापासून मला झोप नव्हती. मार्चमध्ये लेकीला मुलगी झाली. मी तिला कालव्यावर नेतो, तिला बोटी आवडतात. आणि मी इथे शब्द देऊन बसलेलो. पासाउला वाटलं, परत फिरावं. पण शब्द दिला की दिला. काल मेल्कला पाऊस होता, मी मुद्दाम थांबलो. एक दिवस तरी लांबवावं म्हणून. आज तुमच्या गल्लीत वळलो. वर बघितलं, आणि काठी मोकळी." त्याने डोळे पुसले. "तिथून इथपर्यंत मी शिट्टी वाजवत आलो. मला माझी लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. डहाळी असती तर मी उतरलो असतो. राहिलो असतो. तुम्हाला कधी कळूही दिलं नसतं."

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की, बाबा रे, डहाळी होती, सकाळपासून होती, ही बाई केस धुवत होती. टेबलाखाली बुर्गीचा बूट माझ्या पायावर पडला आणि तिथेच दाबून राहिला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ. "तुम्ही सपाट मुलखातले. आमच्या उतारावर तुमचे गुडघे टिकले नसते. म्हणून मी कालच काढून ठेवली."

"तुम्ही माझ्यापेक्षा शहाण्या आहात."

"ते आहेच."

तो हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. "पण मग एवढ्या लांब का आलात? माझ्यामागे?"

"तुमच्यामागे कशाला? आज आपला सायकलचा दिवस ना," बुर्गी म्हणाली. "तो का चुकवू? आणि हा घ्या तुमचा रेनकोट. गेल्या वर्षी विसरलात. दोन दिवस भिजला असाल."

त्याने रेनकोट घेतला, घडी केली, पिवळ्या पिशवीत ठेवला. तिच्यासाठी गोळे मागवले. तिने सगळे खाल्ले. नातीचं नाव विचारलं, दात आले का विचारलं.

ट्रेनमध्ये सायकलींच्या डब्यात आम्ही दोघीच होतो. तिथे मात्र ती रडली. सायकलच्या सीटवर कपाळ टेकून, अंग गदगदून. अलोइसच्या मातीलाही ती अशी रडली नव्हती. मी तिची पाठ चोळत राहिले आणि मलाही आवरेना.

"सांगायचं होतंस," मी म्हटलं. "एक वाक्य. आला असता तो."

"आला असता गं. तेच तर." तिने नाक पुसलं. "शब्दाचा पक्का आहे. आला असता, राहिला असता, आणि रोज संध्याकाळी नदीकडे बघत बसला असता. एक नवरा उताराने नेला. दुसऱ्याला मी स्वतः कोंडून घालू?"

"आणि तुझं काय?"

"माझं?" तिने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर तोच बांध उलटा चालला होता. "मला वाटत होतं तिली, की त्यालाही मी पाहिजे आहे. वर्षभर वाटत होतं. तेवढं एक वर्ष तरी माझं झालं."

घरी पोचलो तर आमचं अंगण पाहुण्यांनी गच्च भरलेलं आणि पोल्डी घामाघूम. माझ्याकडे बघून काय काय बोलणार होता देव जाणे, पण बुर्गीने येताच भिंतीवरचा माझा एप्रन कमरेला बांधला, ट्रे उचलला आणि बाकांमधून फिरायला लागली. कुणाला काय हवं, कुणाचा पेला रिकामा. पोल्डीचा राग जागच्या जागी विरघळला. तो तिच्याजवळ गेला, हळूच म्हणाला, "बुर्गी, सकाळी तुझी डहाळी मीच काढली बरं का. विसरली होतीस. म्हटलं, कुणी बघून चार गोष्टी बोलायच्या आत काढावी."

"हो पोल्डी," ती म्हणाली. "विसरलेच होते. बरं केलंस."

सीब्रेन त्यानंतरही येत राहिला. रविवारी यायचा, वरच्या खोलीत झोपायचा, सोमवारी दोघं टुल्नला जायची. नातीचे फोटो आणायचा. आमच्या अंगणात बसून दोन पेले झाले की सगळ्यांना सांगायचा, "ही बाई माझ्यापेक्षा शहाणी." बुर्गी तोंडावर हात ठेवून हसायची, पण ते हसू माझ्या स्वयंपाकघरापर्यंत कधी आलं नाही. मग एका वर्षी त्याच्या मुलीचा फोन आला, तो गेला म्हणून, आणि त्या वर्षीच्या सोमवारी बुर्गी एकटीच टुल्नला जाऊन आली. जमेल तितकी वर्षं जात राहिली.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. मातीनंतर सगळं गाव गावातल्या खाणावळीत जेवायला जमलं. आमच्याकडे त्या जेवणाला गेलेल्या माणसाच्या आठवणी सांगतात, शक्यतो हसायच्या. बेकरीवाल्याने एक सांगितली, झावेरने एक. मग माझा पोल्डी पेला घेऊन उठला. आता ऐंशीचा आहे, उभं राहायला टेबलाचा आधार लागतो.

"आपली बुर्गी कधी काही विसरायची नाही," तो म्हणाला. "पण एकदा विसरली. पंधरवडा संपला आणि बाईची डहाळी दारावर तशीच. मी शिडी घेऊन गेलो, गुपचूप काढली, कुणाला पत्ता नाही. संध्याकाळी तिला सांगितलं तर म्हणाली, बरं केलंस पोल्डी. एवढ्या वर्षांच्या शेजारात तिचं एक तरी काम माझ्या हातून झालं, याचं मला समाधान आहे."

लोक हसले, काहींनी डोळे पुसले. तो खाली बसला आणि माझ्याकडे बघितलं, बरं बोललो ना, अशा नजरेने.

मी त्याचा हात हातात घेतला. "बरं बोललास," म्हटलं. बुर्गीने टेबलाखाली बूट दाबून जे बोलू दिलं नव्हतं, ते तिच्या मातीच्या दिवशी मी कसं बोलणार होते? पण बाकावर तिची जागा रिकामी होती, आणि पायावर कुणाचाच बूट नव्हता. तो असावा असं मला फार फार वाटलं.